तळमजला कोरडा, तर फिटनेस तगडा!

जूनची पहिली सर आली की फिटनेसवाल्यांची पंचाईत सुरू! बाहेर चिखल म्हणून वॉक बंद, आणि घरात व्यायामाला जागा करावी तर भिंती ओल्या. आपल्याकडे सिनेमातल्यासारखं बेसमेंट कुठलं? तळमजल्यावरची मागची खोली हीच आपली जिम!

आता मनोरीचंच बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. ऑफिस गाठायचं तर मार्वेची फेरीबोट, नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा. एवढं करून परत जिमला कोण जाणार? व्यायाम घरीच हवा. पण घरातल्या ओलीचं काय?

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवसांनी बघा. पाणी खोलीच्या बाजूला दिसलं तर ते हवेतलं. प्लॅस्टिकच्या मागे दिसलं तर भिंतीतलं. ओल फक्त भिंतीच्या तळाशी असेल, तर बहुतेक ती जमिनीतून वर चढतेय. एकाच जागी मोठा डाग असेल, तर भेग नाहीतर पाइप तपासा.

समुद्राकाठी आणखी एक व्हिलन आहे, मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलसर होते ना, तोच प्रकार भिंतीतल्या खाऱ्या गिलाव्यात होतो. अशा भिंतीला प्लॅस्टिक पेंट फासलात तर पाणी आत अडकतं आणि पोपडे निघतात. पाऊस संपल्यावर भिंत नीट वाळू द्या, मग तिला श्वास घेऊ देणारा चुन्याचा गिलावा आणि रंग करा. घराबाहेरच्या जमिनीचा उतार भिंतीपासून लांब हवा आणि पन्हाळीचं पाणी पायाशी पडता कामा नये. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

हे सगळं नुसतं भिंतीसाठी नाही, बरं का! व्यायाम करताना आपण जोरजोरात श्वास घेतो. खोलीत बुरशी असेल तर तीही आत जाते. ओल आणि बुरशीचा दमा, खोकल्याशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच स्पष्ट केलंय. त्यामुळे कुबट वास येणाऱ्या खोलीत कार्डिओ नकोच. पडवी किंवा ओटा आहे ना? तिथे मस्त सूर्यनमस्कार घाला, स्क्वॉट्स मारा. दोरीच्या उड्या मात्र कोरड्या फरशीवरच, नाहीतर घसरगुंडी ठरलेली!

खोलीतच करायचं असेल तर खिडक्या उघड्या, पंखा फुल्ल. आपला घाम आणि श्वासही ओल वाढवतात. डीह्युमिडिफायर असेल तर तो व्यायामानंतर लावा आणि तेव्हा खिडक्या बंद ठेवा, नाहीतर तो अख्ख्या मनोरीची हवा सुकवत बसेल! मॅट गुंडाळून न ठेवता वाळत टाका. डंबेल्स पुसा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

टार्गेट सोपं आहे, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. त्यानंतरची पाच मिनिटं खोलीला द्या. पावसाचे चार महिने एवढं जमलं, तर ऑक्टोबरात पुन्हा शून्यापासून सुरुवात नको!