अकरा गुंठे, अकरा जण

मी जमीनदार आहे. हसू नका. पुण्याच्या पूर्वेला, जिथे इमारती संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथे माझा एक गुंठा आहे. एकट्याचा नव्हे, सातबाऱ्यावर आम्ही अकरा जण आणि जमीन अकरा गुंठे. सुटा एक गुंठा शेतजमीन घ्यायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, म्हणून सगळ्यांनी मिळून कायद्याला वळसा घातला. (वडिलांच्या कृपेने मी कागदोपत्री शेतकरी. नांगर फक्त निवडणुकीच्या चिन्हात पाहिलेला.) गंमत अशी की, असला सातबारा घेऊन कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'आधी बिनशेती आदेश आणा' म्हणून परत पाठवणारा कारकून मीच. स्वतःच्या वेळी मुकाट्याने पीएफ काढला.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यातून रस्त्याला द्या, घर बांधा. मग सौभाग्यवतींच्या पेरूच्या झाडाला उभे राहण्यापुरती जागा उरते. फांद्यांनी शेजाऱ्याकडे राहायचे.

रस्त्यापलीकडे चौदा मजल्यांच्या चार इमारती उभ्या आहेत. आम्ही गुंठेवाले त्यांना म्हणतो, "माणसांची थप्पी लावलीय नुसती!" ते आम्हाला म्हणतात, "अनधिकृत!" दोघांचाही आग्रह एकच: मोकळी जागा दुसऱ्याने सोडावी. दोघांना जमीन विकणारे तात्या मधल्या टपरीवर चहा पीत दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावतात.

आता बी.कॉम. माणसाचा हिशेब ऐका. उद्या आमची जमीन निवासी विभागात आली, तर 2020 च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे मूळ चटईक्षेत्र निर्देशांक 1.10. साडेसहाशे फुटांची अकरा घरे म्हणजे 7150 फूट. भागिले 1.10, बरोबर 6500. म्हणजे सहा गुंठे! जिना, गाड्या, भांडणे यांसाठी फार तर सातवा धरा. तीन-चार मजल्यांची एक बेताची इमारत आणि चार गुंठे जमीन अखंड मोकळी. पेरूच काय, चिंच लावा. पण नाही. प्रत्येकाला स्वतःचे फाटक हवे. आम्ही अकरा बंगले बांधणार, अकरा बोअर मारणार आणि अकरा सेप्टिक टँक त्या बोअरच्या शेजारीच खणणार.

पलीकडचेही काही साव नाहीत. दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसे, शहरी मापाने माणशी 135 लिटर. रोज एक लाख आठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या अकरा खेपा. आणि टँकर भरतो कुठे? तात्यांच्या उरलेल्या शेतातल्या विहिरीवर. कांद्यापेक्षा पाण्याला भाव बरा. त्याच तात्यांच्या घरच्या नळाला 2019 च्या जलजीवन मिशनचे माप माणशी 55 लिटर. रस्ता ओलांडला की माणसाची तहान अडीचपट होते, हे कुठल्या शास्त्रात बसते?

मी म्हणतो, गावठाण बघा की! भिंतीला भिंत लागलेली घरे, मधे चौक, आणि वेशीबाहेर पाऊल टाकले की शेत. माणसे दाट, जमीन मोकळी. आम्ही नेमके उलटे केले: घरे शेतभर अक्षतांसारखी उधळली, नाहीतर कांद्याच्या वाफ्यात चौदा मजले रोवले. मधले तीन मजले कुणाला दिसतच नाहीत. आणि सरकार? 2001 साली गुंठेवारी कायदा करून झाले गेले माफ केले. 2021 मध्ये माफीची तारीख पुढे ओढून 31 डिसेंबर 2020 वर आणली. बँकेत आम्ही बुडीत खाते असे लांबवत राहिलो, तर ऑडिटर आम्हालाच बुडवतील.

एकत्र येणे जमत नाही म्हणावे, तर मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी चारशे एकर एकत्र करून दाखवले. आम्हा शिकलेल्यांच्याने अकरा गुंठे होईनात.

गेल्या रविवारी टपरीवर सहभागीदारांपुढे मी एका इमारतीचा ठराव मांडला. दहा हात विरुद्ध. खरे सांगायचे तर माझाही अर्धाच वर गेला होता, कारण सौभाग्यवती शेजारी होत्या आणि त्यांनी हळूच विचारले होते, "मग पेरू कुणाच्या वाट्याला?" तात्या तेवढे म्हणाले, "साहेब, हे विकायच्या आधी सांगितलं असतं तर?"

सोमवारी काउंटरवर एक गृहस्थ आले. सातबाऱ्यावर अकरा नावे. कर्ज मिळणार नव्हतेच. पण मी त्यांना बसायला सांगितले आणि सहा गुंठ्यांचे गणित चलनाच्या मागे मांडून दिले.