खड्डा नको, तारा पसरा

घरच्या हौशी रेडिओ केंद्राचा आवाज लांब पोहोचत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: अर्थिंग सुधारा. म्हणजे अँटेनाच्या बुडाशी खड्डा खणायचा, जीआय पाइप उभा करायचा, कोळसा आणि मीठ थराथराने भरायचं आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतत राहायचं. हा सल्ला देणारे अडाणी नसतात. विजेच्या कामात अर्थिंगचा रोध जितका कमी तितकं ते चांगलं, कोळसा-मिठाने तो कमी होतो, आणि तसं अर्थ टेस्टरवर दाखवताही येतं. पण टेस्टर मोजतो तो फार कमी वारंवारतेवरचा रोध. घरात बिघाड झाला की वीज सुखरूप जमिनीत जावी, यासाठी तो आकडा मोलाचा. सात मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या अँटेनाला मात्र त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही.

कारण अँटेनाला जमिनीत काही सोडून द्यायचं नसतं. तिला गेलेला प्रवाह परत हवा असतो. सात मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 40 मीटर बँडवरची पाव तरंगलांबीची उभी अँटेना सुमारे 10 मीटर उंच असते. तिच्या विद्युतक्षेत्रामुळे भोवतालच्या जमिनीत चहूबाजूंनी प्रवाह उमटतात आणि वरच्या थरातून बुडाकडे परततात. एक पाइप खोल पुरून ते गोळा करायचे म्हणजे शेतभर पडलेला पाऊस एका बोअरच्या तोंडाने भरून घेण्यासारखं आहे. परतीची वाट मातीतून असली की शक्ती मातीच तापवते. दख्खनच्या मुरमाड जमिनीत आणि कोकणच्या जांभ्यात ही वाट विशेष खडतर. काळी माती ओली असताना बरी, पण वैशाखात तीही भेगाळते. उपाय साधा आहे: बुडापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा जमिनीवर पसरायच्या. हौशी लोक त्यांना रेडियल म्हणतात. मिठाचं म्हणाल तर दोन पावसाळ्यांत बरंचसं वाहून जातं, आणि जाता जाता पाइप कुरतडून जातं.

यावर हमखास येणारं उत्तर असं: 'आमचा एसडब्ल्यूआर एकास एक आहे, मग काय बिघडलं?' एसडब्ल्यूआर म्हणजे 50 ओहमच्या केबलशी अँटेनाचा मेळ किती जमला त्याचा आकडा; एकास एक म्हणजे पूर्ण मेळ. पण हा पुरावा उलट्या बाजूचा आहे. पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा प्रारण-रोध, म्हणजे लहरी बनून बाहेर पडणाऱ्या शक्तीचा वाटा दाखवणारा रोध, सुमारे 36 ओहम असतो. बुडाशी मीटर नेमका 50 दाखवत असेल, तर वरचे 14 ओहम बहुतेक जमिनीतल्या नुकसानीचे. 100 वॅटमधले 28 मातीत गेले. तारा घालून ते 14 ओहम दोनवर आणले की 95 वॅट बाहेर पडतात, पण एसडब्ल्यूआर 1.3 होतो. म्हणजे काम सुधारलं आणि मीटर म्हणतो बिघडलं! जागेअभावी 5 मीटर उंचीची आखूड अँटेना लावणाऱ्यांची गत आणखी वाईट. तिचा प्रारण-रोध सहा-सात ओहमच; जमिनीने वीस ओहम खाल्ले तर पाऊण शक्ती गेली, आखूडपणा भरून काढणाऱ्या कॉइलचं नुकसान वेगळंच.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: इतक्या तारा घालायच्या कुठे? आरसीए कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एप्स्टाईन यांनी 1937 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत 113 तारांपर्यंत मजल गेली होती, आणि पुढे मध्यमलहरी केंद्रांसाठी 120 चा पायंडा पडला. तो आकडा ऐकूनच परस असलेला बंगलेवालाही हात टेकतो. पण पहिल्या सोळा तारांनी जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या शंभरांनी पडत नाही. तारा कमी लांबीच्या असल्या तरी चालतं: 80 मीटर तार असेल तर 20 मीटरच्या चार घालण्यापेक्षा 5 मीटरच्या सोळा घालाव्यात. गवतात खिळ्यांनी दाबल्या की महिन्याभरात दिसेनाशाही होतात. सोसायटीच्या गच्चीवर पाव तरंगलांबीच्या चार तारा उंच ताणल्या तरी काम होतं. फक्त त्यांच्या टोकांवर विद्युतदाब मोठा असतो, तेव्हा ती पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधावीत.

मग विजेचं अर्थिंग काढून टाकायचं का? मुळीच नाही, वळवाच्या दिवसांत तर नाहीच. पण तिथेही 'रेडिओला वेगळं अर्थिंग हवं' हा समज घातकच आहे. जवळपास वीज पडली की दोन वेगळ्या अर्थिंगांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे टेबलावरचा रेडिओ. म्हणून दोन्ही जाड पट्टीने एकमेकांना जोडलेलीच हवीत. राहिली तिसऱ्या मजल्यावर केंद्र असलेल्यांची तक्रार, बोलताना माइक ओठांना चटका देतो ही. त्यासाठी खाली सोडलेली 10 मीटरची अर्थिंगची तार 40 मीटर बँडवर स्वतःच पाव तरंगलांबीची होते. तळाशी जमीन, पण रेडिओपाशी जवळजवळ तुटलेलीच वाट. तिथे तार जाड करून काही होत नाही. अँटेनाच्या बुडाशी कोॲक्स केबलचे काही वेढे फेराइट कड्यावर घ्यावेत.

किती तारा पुरेत, हे ज्याच्या त्याच्या मातीवर आहे. चार-चार वाढवत जावं, दर वेळी अँटेनाची लांबी जुळवून बुडाशी ॲनालायझरवर रोध पाहावा. तो उतरत असेल तोवर तार घालावी. उतरायचा थांबला की दुकानात जाणं बंद करावं.