शेजाऱ्याची ओळख

युरोपातील एखाद्या रोमा घरात तहानलेले मूल आईजवळ 'पानी' मागते. नाक, कान, माणूस यांसाठी त्या घरात योजले जाणारे शब्दही मराठी मुलाला सहज ओळखता येतील. या भाषेचे नाव रोमानी. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी रोमांचे पूर्वज भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनिया या मार्गाने युरोपात पोहोचले, हे विद्वानांनी मुख्यतः त्यांच्या शब्दांवरूनच ताडले. ते इजिप्तमधून आले अशा गैरसमजामुळे इंग्रजांनी त्यांना 'जिप्सी' म्हटले. ज्यांचे खरे नावही शेजाऱ्यांनी विचारले नाही, त्यांच्या वाट्याला तिरस्कार यावा, यात नवल ते काय?

एका देशात अनेक समाज राहतात. प्रत्येकाच्या भाषेचा व गाण्यांचा निराळा गौरव केला, तर देशाचे ऐक्य भंगेल, असे काही लोकांना वाटते. त्यांची काळजी प्रामाणिक असेल; परंतु इतिहास वेगळेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने लाखो रोमांचा संहार केला. चेक देशातील लेती या गावी १९४२-४३ मध्ये रोमांना कोंडणारी छावणी होती. तेथे तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत कितीतरी बालके होती. पुढे त्याच जागी डुकरे पाळण्याचे मोठे केंद्र उभारण्यात आले. मृतांचे आप्त वर्षानुवर्षे विनवीत राहिले. अखेर सरकारने ती जागा विकत घेतली आणि २०२४ मध्ये तेथे स्मारक उघडले. रोमांनी आपली गाणी जपली म्हणून ते केंद्र उभे राहिले नव्हते. इतरांना रोमांच्या दुःखाची आठवण नव्हती, म्हणून ते उभे राहिले. ऐक्य भंगते ते अशा विस्मृतीने.

याउलट, एका समाजाचा ठेवा सर्वांना समृद्ध करतो. रोमा कुळात जन्मलेल्या जँगो राइनहार्ट याच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाली. तरीही उरलेल्या बोटांनी त्याने गिटारवादनाची नवी शैली निर्माण केली. ती आज जगभरचे वादक शिकतात.

दरवर्षी ८ एप्रिल हा दिवस जागतिक रोमा दिन म्हणून पाळला जातो. मात्र त्या दिवशी गाण्यांना टाळ्या द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी रोमा मुलांना निराळ्या शाळेत बसवावे, हा सन्मान नव्हे. चेक देशातील ओस्त्रावा शहरात अनेक रोमा मुलांना मंदबुद्धींच्या शाळांत घालण्यात आले होते. त्यांपैकी अठरा जणांनी दाद मागितली आणि २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला.

म्हणूनच संस्कृतीचा गौरव आणि समान वागणूक यांची फारकत होता कामा नये. रोमा मुलाला सर्वांबरोबर एकाच बाकावर जागा मिळाली पाहिजे. त्याच्या पूर्वजांचा प्रवास, त्यांची भाषा आणि त्यांचे दुःख शेजारच्या चेक मुलाच्याही पाठात आले पाहिजे. शेजाऱ्याची अशी ओळख बालपणीच झाली, तर 'हेही आपलेच आहेत' असे पुढे कोणाला मुद्दाम सांगावे लागणार नाही.