घाम चालतो, खुर्ची चालत नाही

खेळाडू निवृत्त झाला की दोन दिवस त्याचे फोटो छापून येतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुढाऱ्यांची भाषणे. ‘तुम्ही देशाचे नाव उज्ज्वल केलेत’ हे वाक्य ठरलेले. तिसऱ्या दिवशी हार सुकतो आणि खेळाडूच्या घरात एकच प्रश्न उरतो, आता पुढे काय? नोकरदार माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो. खेळाडू पस्तिशीतच निवृत्त होतो. आयुष्याचा अर्धा रस्ता बाकी असतो आणि ज्या वयात इतरांनी पदव्या घेतल्या, ओळखी जमवल्या, त्या वयात याने मैदानावर घाम गाळलेला असतो.

ज्याच्या घरी बागायती जमीन आहे, पेढी आहे, नातेवाईक मंत्रालयात आहेत, त्याला ही चिंता फारशी नसते. चिंता असते ती पाड्यावरून आणि वस्तीतून आलेल्या खेळाडूला. म्हणून खेळाडूची निवृत्ती हा केवळ क्रीडापानाचा विषय नाही. तो सामाजिक न्यायाचा विषय आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत यांनी डोंगरवाटांवर धावायला सुरुवात केली आणि नाशकात प्रशिक्षण घेऊन त्या जगाच्या मैदानावर पोहोचल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक घेतले. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्य आणि ५ हजार मीटरमध्ये कांस्य. २०१२ साली अर्जुन पुरस्कार. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटले आणि साऱ्या नाशिक जिल्ह्याची छाती फुगली.

पण याच कविता राऊत यांना राज्य शासनाच्या सेवेतील पदासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. केंद्राच्या ओएनजीसी कंपनीत त्यांना नोकरी मिळाली, हे खरे. परंतु इतर खेळाडूंना राज्यात थेट नियुक्ती मिळते, मग आपल्याला का नाही, आपण आदिवासी आहोत म्हणून तर नव्हे ना, असा सवाल २०२४ साली त्यांना जाहीरपणे करावा लागला. आमचा मुद्दा असा की, असा सवाल करण्याची पाळी अर्जुन पुरस्कार विजेत्या खेळाडूवर यावीच का? जो हक्क आहे तो मागावा का लागावा? आणि अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या आदिवासी कन्येची ही कथा असेल, तर राज्य पातळीवर कबड्डी, खो-खो खेळून घरी परतलेल्या मुलामुलींना कोण विचारतो?

ही गोष्ट आजची नाही. शंभर वर्षांपूर्वीचे पालवणकर बाळू आठवा. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत असे. चेंडू टाकायचा बाळूने, बॅट धरायची साहेबाने. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली, तेव्हा त्यांना घेतले गेले. पण चहा दिला तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळवायला त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साल उजाडावे लागले. बाळूंचा चेंडू विटाळत नव्हता, खुर्ची मात्र विटाळत होती!

बाळूंच्या निवृत्तीनंतरचा इतिहास चळवळीतल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. तरुणपणी बाबासाहेबांनाही बाळूंचे कौतुक होते. पण १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात याच बाळूंना उभे केले. बाबासाहेब निवडून आले. आम्ही बाळूंना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ज्या समाजाने ऐन उमेदीत कर्णधार केले नाही, त्यानेच निवृत्तीनंतर त्यांच्या नावाचा वापर करून घेतला, हे सांगायचे आहे. खेळाडूला स्वतःचा आधार नसला की तो दुसऱ्याच्या तंबूत जातो. मग टाळ्या त्याच्या आणि राजकारण दुसऱ्याचे.

अमेरिकेत बेसबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटसारखे स्थान आहे. तेथे काळ्यांना मुख्य लीगमध्ये मज्जाव होता, त्यांच्या लीग वेगळ्या होत्या. ती भिंत १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी फोडली. दहा वर्षे शिव्याशाप सोसून ते खेळले. शेवटी क्लबने त्यांना दुसऱ्या क्लबला देण्याचा सौदा केला, तेव्हा त्या क्लबकडून खेळण्याऐवजी त्यांनी जानेवारी १९५७ मध्ये निवृत्ती जाहीर केली. ते एका कॉफी कंपनीचे उपाध्यक्ष झाले आणि नागरी हक्कांच्या लढ्यात उतरले. १९७२ साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, हजारोंसमोर त्यांनी सुनावले की, एखाद्या संघाचा व्यवस्थापक काळा माणूस झालेला मला पाहायचा आहे. तो दिवस त्यांना दिसला नाही. पहिला काळा व्यवस्थापक १९७५ साली झाला. म्हणजे खेळू द्यायला आणि कारभार द्यायला यांच्यात २८ वर्षांचे अंतर! बाळूंच्या भारतात जे घडले, तेच रॉबिन्सन यांच्या अमेरिकेत घडले. जात असो की वर्ण, त्याला घाम चालतो, खुर्ची चालत नाही.

मात्र त्याच अमेरिकेकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बेसबॉलपटूंनी आपली संघटना बांधली आणि मालकांशी भांडून पेन्शन पदरात पाडून घेतली. १९८० पासून तेथे मुख्य लीगमध्ये अवघे ४३ दिवस काढणाऱ्या खेळाडूलाही पेन्शनचा हक्क मिळू लागला. ती कोणाची मेहेरबानी नव्हती, ती संघटनेची ताकद होती. त्याआधी चार वर्षे पुरी न करता निवृत्त झालेले मात्र कित्येक वर्षे वंचित राहिले. यातून धडा एकच. नियम असेल तर हक्क, नियम नसेल तर भीक.

आपल्याकडे काय आहे? क्रिकेट मंडळाने २०२२ साली माजी कसोटीपटूंचे पेन्शन महिना ६० ते ७० हजार रुपये केले. चांगलेच झाले. पण २०१८ साली केंद्र सरकारने वाढवलेल्या दरांनुसार आशियाई स्पर्धेतील रौप्य किंवा कांस्यपदकाला निवृत्तीनंतर महिना १२ हजार रुपये! श्रीमंत खेळाच्या निवृत्तीची किंमत वेगळी आणि डोंगरात अनवाणी धावणाऱ्या पोरीच्या निवृत्तीची किंमत वेगळी. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण तेथेही बनावट क्रीडा प्रमाणपत्रे घेऊन घुसणाऱ्यांची प्रकरणे उघडकीस आली. खरा खेळाडू दारात उभा आणि खोटा खुर्चीवर!

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. थेट नियुक्ती मंत्र्यांच्या मर्जीवर नको. कोणत्या पदकाला कोणते पद आणि किती महिन्यांत, याचा नियम हवा. ज्यांना नियुक्ती मिळाली आणि ज्यांचे अर्ज पडून आहेत, त्या सर्वांची यादी दरवर्षी जाहीर व्हावी. आश्रमशाळा व क्रीडा प्रबोधिनीतील मुलांचे शिक्षण सरावापायी अर्धवट राहता कामा नये. आणि क्रीडा संघटनांच्या कारभारात निवृत्त बहुजन खेळाडूंना जागा मिळाली पाहिजे.

थोडे आपल्या घरातही पाहू. जयंतीच्या मंचावर आपण खेळाडूचा सत्कार करतो. त्यानंतर त्याची आठवण किती जण ठेवतात? आपल्या वस्तीतला निवृत्त कबड्डीपटू एखाद्या सोसायटीच्या फाटकावर पहारा देत असेल, तर दोष केवळ शासनाचा नाही. समाजमंदिराची चावी त्याच्या हाती द्या, पोरे त्याच्याकडे सोपवा, त्याला मानधन द्या. तो दुसऱ्याच्या तंबूत जाणार नाही.

२ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने लढवला. तो लढा दर्शनासाठी नव्हता, माणूस म्हणून समान हक्कासाठी होता. आमचा खेळाडूही शाल आणि श्रीफळ मागत नाही. मैदानाचे दार त्याने आपल्या पायांच्या बळावर उघडले आहे. कार्यालयाचे दार उघडायला आता समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.