शाळेत पडलेला दात फेकू नका. प्रश्न पहिल्या तासाचा आहे

मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळताना पोर सिमेंटच्या ओट्यावर आपटते आणि समोरचा दात मुळासकट बाहेर येतो. "दुधाचाच असेल, परत येईल" म्हणून तो फेकला जातो. पण पटाशीचे पक्के दात साधारण 6 ते 8 वर्षांच्या वयात, म्हणजे पहिली ते तिसरीतच येतात. ते एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत कायमचा कृत्रिम दातही रोवता येत नाही. आठव्या वर्षी दात गमावलेले मूल पुढची दहाएक वर्षे हसताना तोंडावर हात धरते.

हे टाळता येते. पक्का दात पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर हलकेच धुवा, घासू नका. शक्य असल्यास त्याच जागी बसवा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. ते जमले नाही तर दात थंड दुधात ठेवा, साध्या पाण्यात नको. तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, दंतचिकित्सकाकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. मूल बेशुद्ध पडले किंवा उलट्या करू लागले तर दाताआधी डोक्याचा मार तपासून घ्या.

अपघात सगळ्याच शाळांत होतात, परिणाम मात्र सारखा नसतो. शहरातल्या पालकाला दवाखाना जवळ असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र असले, तरी तिथे बहुधा दंतचिकित्सक नसतो. तालुक्याला जायचे तर आईची मजुरी बुडते. मग दातही जातो.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि त्यात दातही पाहिले जातात. पण वर्षातून एकदा येणारे पथक अपघाताच्या वेळी हजर नसते. तो पहिला तास शिक्षकांच्या हातात असतो आणि त्यांना हे कोणी शिकवलेले नसते.

इथे कार्यकर्त्यांना काम आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. मैदानातले दगड, फुटलेल्या फरश्या, ओट्यांच्या धारदार कडा हटवण्याची मागणी त्या आराखड्यात लिहून घ्या. जवळच्या दंतचिकित्सकाचा नंबर वर्गाच्या भिंतीवर लावून घ्या. 14 एप्रिलला वस्तीत आरोग्य शिबिर घेणार असाल, तर रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीसोबत शिक्षक व पालकांसाठी अर्धा तास याच विषयाला द्या. खर्च काहीच नाही.

बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. शिकायला गेलेले मूल धडधाकट घरी येईल, हे पाहणेही त्याच कामाचा भाग आहे.