जुन्या विमानांचा न दिसणारा गंज
दौंड : शिरूर किंवा दौंडच्या रस्त्यावर धावणारी खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली, की मालकाला परिवहन कार्यालयात जाऊन तिची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. नूतनीकरण मिळते तेही पाच वर्षांपुरतेच. दौंड तालुक्याला लागूनच असलेल्या बारामतीच्या धावपट्टीवरून मात्र नवशिक्या वैमानिकाला घेऊन उडणारे विमान चाळीस वर्षांचेही असू शकते, आणि त्यात बेकायदा काहीच नाही. विमानाचे आयुष्य वर्षांपेक्षा तपासणीवर अवलंबून असते, हा जगभर मान्य असलेला सिद्धांत आहे. तो खराही आहे. अट एवढीच, की तपासणी खरोखर व्हायला हवी.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले कार्व्हर एव्हिएशनचे सेस्ना १५२ जातीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. एकटीने उड्डाण करणारी प्रशिक्षणार्थी सुदैवाने बचावली. या अपघाताशी गंजाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण त्यानिमित्ताने विमानाच्या जातीकडे लक्ष जायला हवे होते, ते गेले नाही. सेस्ना कंपनीने १५२ चे उत्पादन १९८५ मध्ये थांबविले. म्हणजे जगात आज उडणारे प्रत्येक सेस्ना १५२ किमान चार दशकांचे आहे.

गंज म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे तांबूस लोखंड येते. विमान अ‍ॅल्युमिनियमचे. त्याचा गंज पांढरट भुकटीसारखा असतो, रंगाखाली पापुद्रे धरतो आणि रिव्हेटभोवती, पोलादी बोल्ट जेथे अ‍ॅल्युमिनियमला टेकतात तेथे, बॅटरीच्या खाली, गालिच्याच्या आड वाढतो. त्या काळच्या सेस्ना विमानांना आतल्या बाजूने गंजरोधक लेप सरसकट दिला जात नसे. विमान इतकी वर्षे वापरले जाईल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

गंजाचा एक बारीक खड्डा काय करू शकतो, हे ऑस्ट्रेलियात दिसले. २६ मे २०१९ रोजी माउंट आयसाजवळ भूगर्भ सर्वेक्षण करणाऱ्या सेस्ना २१० विमानाचा उजवा पंख हवेतच तुटला आणि दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही पंखांना जोडणारी तुळई छताच्या अस्तराआड होती. तेथे गंजाच्या खड्ड्यापासून तडा सुरू होऊन वाढत गेला होता, असे तेथील तपास यंत्रणेला आढळले. पुढील वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या जातीच्या विमानांतील त्या भागाची तपासणी सक्तीची केली. १५२ च्या पंखांना खालून दांड्याचा आधार असतो, त्यामुळे तिची रचना वेगळी आहे. धातूचा स्वभाव मात्र तोच.

सेस्ना कंपनीने जुन्या विमानांसाठी पूरक तपासणीची स्वतंत्र सूचनावली काढली आहे. तिची अंतरे केवळ उड्डाणाच्या तासांवर नाहीत, वर्षांवरही बांधलेली आहेत. आणि कोणत्या प्रदेशात गंजाचा धोका किती, याचे नकाशेही तिच्यात आहेत. आपल्याकडचा घोळ नेमका येथे संभवतो. दौंड, शिरूर, बारामती हा पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. जुहूच्या खाऱ्या वाऱ्यापुढे येथे धातू सुखी राहतो, असे कोणालाही वाटेल. परंतु विमान कोठून आले, आधीची वर्षे कोणत्या किनाऱ्यावर उघड्यावर काढली, हे विचारल्याशिवाय हा दिलासा फोल आहे.

उभे राहणारे विमान तर अधिकच फसवे. तासांचा हिशेब थांबतो, गंजाचा थांबत नाही. म्हणूनच लायकमिंग कंपनी आपल्या इंजिनांना तासांच्या मर्यादेबरोबर बारा वर्षांची मर्यादाही घालते. पावसाळ्यात आठवडाभर झाकून ठेवलेले इंजिन जमिनीवर पाच मिनिटे फिरविले म्हणजे काम झाले, हा गैरसमज आहे. तेवढ्या उष्णतेने तेलातील ओलावा निघून जात नाही.

वयावर सगळा दोष टाकणेही बरोबर नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती तालुक्यात चार दिवसांत रेडबर्ड संस्थेची दोन विमाने कोसळली. २२ तारखेला गोजुबावीजवळ पडलेले टेकनॅम विमान आधुनिक बनावटीचे होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देखभालीकडे बोट दाखवीत संस्थेची प्रशिक्षण मान्यता तेव्हा स्थगित केली. नव्या विमानांच्या देखभालीवर प्रश्नचिन्ह लागत असेल, तर जुन्यांच्या तळपाटाखाली कोण डोकावते, ही शंका रास्त ठरते.

उड्डाणयोग्यतेचे पुनरावलोकन दरवर्षी होते. पण सखोल तपासणी म्हणजे आसने काढणे, तळपाट उचकटणे, आरसा व बोअरस्कोप घेऊन पंखाच्या पोटात शिरणे. विमान कित्येक दिवस जमिनीवर राहते. इकडे व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास पुरे करायला आलेला, घरच्यांनी कर्ज काढून पाठविलेला विद्यार्थी खोळंबतो आणि संस्थेचे उत्पन्न बुडते. घाई दोन्ही बाजूंना असते. उड्डाणापूर्वी हा विद्यार्थी विमानाभोवती फेरी मारून टायर, तेल, पंखांच्या कडा पाहतो. तळपाटाखाली काय आहे, हे त्याला त्या फेरीत दिसणे शक्य नाही. विमानाचे उत्पादन वर्ष, ते आधी कोठे होते आणि शेवटची सखोल तपासणी केव्हा झाली, एवढी नोंद शुल्क भरण्यापूर्वी त्याच्या हाती ठेवायला कोणत्याही संस्थेची हरकत नसावी.