हौसेला मोल नसते, पण विजेचे बिल असते

आपल्या महाविद्यालयाचे स्वतःचे लहानसे रेडिओ केंद्र असावे काय, ह्या विषयावर यंदा वाङ्मय मंडळाने चर्चा ठेवली होती. केंद्र असावे ह्यावर बहुतेकांचे एकमत झाले. वाद पेटला तो निराळ्याच मुद्द्यावर. केंद्राने जाहिराती घ्याव्यात की नाही? एका विद्यार्थिमित्राने "हौसेला मोल नसते" असे सांगून टाळ्या मिळवल्या. "सरस्वतीच्या मंदिरात साबणाचे दुकान कशाला?" असेही कोणी म्हणाले. वेळेअभावी मला बोलता आले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. हौशी रेडिओ म्हटला की काहींच्या डोळ्यांसमोर हॅम मंडळी येतात. ते परवाना काढून एकमेकांशी बिनतारी संवाद साधतात. त्यांना गाणी लावता येत नाहीत आणि त्या संवादातून पैसाही मिळवता येत नाही. तेथे हा वाद निकालात निघालेलाच आहे. आपला प्रश्न आहे तो लोकांसाठी बोलणाऱ्या लहान केंद्राचा. सरकारी भाषेत ज्याला सामुदायिक रेडिओ म्हणतात त्याचा. शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे काढण्याची मुभा २००२ मध्ये मिळाली व सेवाभावी संस्थांना २००६ मध्ये. म्हसवडचे 'माणदेशी तरंग', पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' ही आपल्या जवळची उदाहरणे. १०० वॅटची ताकद, पाच-दहा किलोमीटरचा पल्ला. एकट्यादुकट्या हौशी माणसाला मात्र हा परवाना मिळत नाही.

तो मिळत नाही म्हणून काय होते, हे बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावी दिसले. रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने जेमतेम पन्नास रुपयांच्या सामानातून प्रक्षेपक जुळवला आणि गावाला गाणी ऐकवली, निरोप सांगितले. परवाना नाही म्हणून २००६ मध्ये ते केंद्र बंद पडले. हौस म्हणावी तर ही! पण लक्षात घ्या, ही हौससुद्धा फुकट चालत नव्हती. दुरुस्तीचे दुकान तिला पोसत होते. म्हणजे 'मोल नसते' ह्याचा खरा अर्थ 'मोल दुसरे कोणीतरी देते' असाच आहे. ज्याच्या घरचे बिल वडील भरतात त्याला वीज फुकट आहेसे वाटते, त्यातलाच हा प्रकार. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. शुल्क, एस.टी.चा पास, वह्या ह्यांचा हिशेब घरी मोठ्याने होतो. त्यामुळे पैशाचे नाव काढताच नाक मुरडण्याची सवय मला लागलेली नाही.

जाहिरात शिरली की केंद्र बाटले, ह्यालाही इतिहासाचा आधार नाही. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती लागल्या. श्रोत्यांनी संच बंद करून माळ्यावर टाकले नाहीत. त्याआधीच, १९५२ पासून, रेडिओ सिलोनवर अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' सादर करीत होते. दंतमंजनाचे नाव कार्यक्रमाच्या नावातच होते, तरी घरोघर लोक त्या कार्यक्रमाची वाट पाहत. हे वार्षिकही घ्या. शेवटची पाने उलटून पाहा. कापड दुकानदार, औषधविक्रेते, पतसंस्था ह्यांच्या शुभेच्छा तेथे आहेत, आणि त्यांच्या जोरावरच माझा हा लेख छापला जात आहे. मात्र कापड दुकानदाराने ह्या लेखात एक वाक्यही घातलेले नाही. तो शेवटच्या पानावर बसला आहे, आणि तो तेथे बसला आहे हे सर्वांना दिसते.

माझ्या मते खरी भेदरेषा येथे आहे. जाहिरात आणि प्रायोजक ह्यांना आपण एकाच पारड्यात टाकतो, पण दोन्हींची जात निराळी. अमेरिकेत १९३० च्या दशकात साबणाच्या कंपन्या दुपारच्या श्रुतिका प्रायोजित करीत. त्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले ते ह्यामुळेच. दोन कार्यक्रमांच्या मध्ये साबण विकला तर तो बाजार. साबणवाला कार्यक्रमाच्या आत बसला म्हणजे काय बोलायचे हे तो ठरवू लागतो. गीतमालेला दंतमंजनाने फारसा धक्का लागत नाही, कारण गाण्याचा आणि दातांचा संबंध नाही. परंतु शेतीसल्ल्याचा कार्यक्रम कीटकनाशक विकणाऱ्याच्या पैशावर चालू लागला तर? "यंदा फवारणीची गरज नाही, निंबोळी अर्क पुरे" असे सांगणारा तज्ज्ञ पुन्हा बोलावला जाईल काय? त्याला कोणी मनाई करणार नाही. पुढच्या यादीत त्याचे नाव नुसते राहून जाईल.

ह्या विषयावर मी इतकी तावातावाने लिहिते त्याला कारण आहे. माझे आजोबा गावचे कोतवाल होते. डफ घेऊन दवंडी देणे हे त्यांचे काम. ग्रामसभा कधी, लस टोचायला डॉक्टर कधी येणार, हे सरकारी निरोप. आणि त्याच डफावर कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या दुकानी नवे कापड आले, हेही ते सांगत. त्याबद्दल कोणी पायलीभर जोंधळे देई, कोणी चार आणे. ऐकणारा फसत नसे, कारण निरोप कोणाचा हे ते आधीच सांगत. आपले पहिले लहान केंद्र ते हेच, आणि ते जाहिराती घेत होते! पण वडील एक गोष्ट सांगतात. एका सुगीत गावच्या बड्या बागायतदाराने खुरपणीची मजुरी कमी केली आणि तो दर दवंडीने जाहीर करायला लावला. आजोबांच्या घरी येणारे निम्मे धान्य त्याच वाड्यातून येत असे. त्यांनी दवंडी दिली. दुसऱ्या दिवशी आजी त्याच दराने खुरपायला गेली. दुकानदारांच्या चार आण्यांनी आजोबांचा आवाज विकत घेतला नाही. निम्म्या धान्याने घेतला.

आता सरकारचा नियम पाहा. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्थानिक व्यवसायांच्या जाहिरातींना तासाला पाच मिनिटे दिली. प्रायोजित कार्यक्रमांना मनाई केली; मात्र केंद्र व राज्य सरकारे आणि लोकहिताची माहिती देणाऱ्या संस्था ह्यांना त्यातून वगळले. २०२४ मध्ये जाहिरातींचा वेळ तासाला बारा मिनिटांवर गेला आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटे पूर्ण भरली तर तासाला ५,३२८ रुपये होतात. एवढी भरती कोणत्या लहान केंद्राला मिळणार? तरी आकडा मोह पाडणारा आहे. नियमाला दुकानदाराची भीती वाटते, स्वतःची वाटत नाही. ज्या केंद्राचे निम्मे उत्पन्न सरकारी जाहिरातींचे, ते केंद्र बंद पडलेल्या हातपंपाविषयी किती मोठ्याने बोलेल? बडा बागायतदार काय आणि मंत्रालय काय, निम्मे धान्य ते निम्मेच!

म्हणून आपले केंद्र निघालेच तर त्याने जाहिराती अवश्य घ्याव्यात, पण बारक्या आणि पुष्कळ. एकूण उत्पन्नाचा चौथा हिस्सा कोणा एकाकडून, मग ते सरकार असले तरी, येऊ नये. शेती, आरोग्य व नोकरी ह्यांविषयीच्या कार्यक्रमांना प्रायोजक मुळीच नको. महिन्यातून एकदा कोणाकडून किती आले हे केंद्रावरच वाचून दाखवावे. आजोबा घेत तसे नाव घेऊन. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावणारी मंडळे आहेतच की. जाहिरातीचा पैसा आधी केंद्राच्याच खर्चासाठी वापरावा हे बंधन नियमातही आहे. त्यामुळे तो स्नेहसंमेलनाच्या मांडवाकडे वळवण्याचा मोह कोणी धरू नये.

एवढ्याने भागेल काय? कदाचित नाही भागणार. मग प्रसारणाचे तास कमी करावेत. दिवसाला दोनच तास बोलणारे केंद्र मला चालेल. बारा तास बोलून एकाच गिऱ्हाइकाचे तोंड पाहणाऱ्या केंद्रापेक्षा ते बरे.

चर्चेत एकाने हसत विचारले होते, "मग काय फाटकाजवळच्या चहावाल्याची जाहिरात लावणार?" का नाही? फक्त आपल्या निम्म्या वर्गाची उधारी त्याच्या वहीत आहे. तो जाहिरातीचे पैसे रोख देईल की त्यातून वळते करून घेईल, एवढे आधी विचारून घ्यावे लागेल.